बेसमेंटमधली परात

कॅनडातल्या किचनर शहरात ज्या लॅबमध्ये मी नोकरी करते, तिथे माझ्या शेजारच्या टेबलावर दक्षिण सुदानची एक बाई बसते. दिवसभर आम्ही दोघी रक्ताच्या नळ्यांवरची लेबलं तपासतो. आठ वर्षं झाली. माझं तोंड सतत चालू असतं, तिचं क्वचितच उघडतं. मी चिडले की नळ्यांचा ट्रे आपटते. ती नुसती बघते, आणि मी तो ट्रे उचलून पुन्हा नीट ठेवते. माझ्यावर एवढी हुकमत माझ्या नवऱ्याचीही नाही.

आमचं बोलणं इंग्रजीत होतं, पण मला ते मराठीतच आठवतं, म्हणून तसंच लिहिते. तिच्या देशाची हकिकत तिने जेवणाच्या सुट्टीत तुकड्या-तुकड्यांनी सांगितली. देश नवा कोरा, आणि स्वतंत्र झाल्यावर थोड्याच वर्षांत आपसात लढाई. मग तह झाला. अध्यक्ष एका जमातीचे, उपाध्यक्ष दुसऱ्या जमातीचे, असं अंतरिम सरकार बसलं. निवडणुका झाल्या की ते जायचं होतं, पण निवडणुकाच पुढे पुढे ढकलल्या जात होत्या.

"अंतरिम म्हणजे नक्की किती दिवस गं?" मी विचारलं.

"माझी मुलगी सहावीत होती तेव्हापासून. आता ती गाडी चालवते."

मला हसू आवरेना. मी म्हटलं, "फुटीचं मला नको सांगू. आमचं आंबेडकरी मंडळ पन्नास घरांचं आहे, त्यात तीन गट आहेत. तिघांचीही कार्यकारिणी हंगामी." तीही हसली. गट कितीही असोत, जेवणाच्या प्लेट्सचं खातं वर्षानुवर्षं माझ्याकडेच आहे, हेही मी फुशारकीने सांगितलं. माणसं किती, ताटल्या किती, पेले किती, हे मी झोपेतही सांगेन.

ती स्वतः उपाध्यक्षांच्या जमातीची, तिचा नवरा अध्यक्षांच्या. केनियातल्या निर्वासितांच्या छावणीत दोघं भेटले, तिथेच लग्न केलं. दोन्हीकडच्या लोकांनी तेव्हा तोंडं वाकडी केली होती. तह झाला आणि तीच माणसं ईस्टरला तिच्या घरी येऊ लागली. तिकडचं ते डळमळीत सरकार टिकलं होतं, तोवर इकडचं तिचं घर सुखात होतं, असं म्हटलं तरी चालेल.

गेल्या वर्षी बर्फ वितळायच्या सुमाराला बातम्या यायला लागल्या. नदीकाठच्या एका गावात बंडखोर तरुणांनी सैन्याच्या तळावर हल्ला केला, सैन्याने विमानांतून बॉम्ब टाकले, उपाध्यक्षांना त्यांच्याच घरात कोंडलं. त्यांच्या पक्षात लगेच दोन तट पडले. एक म्हणे सरकारात राहू, दुसरा म्हणे बाहेर पडू. ती सुट्टीत डबा न उघडता फोनकडे बघत बसायची. तिचा धाकटा भाऊ त्याच नदीवर होडीतून औषधं पोचवायचा.

एका मंगळवारी ती नेहमीच्या वेळेला आली, कोट काढला, हातमोजे चढवले आणि म्हणाली, "माझा भाऊ गेला." होडीवर गोळ्या झाडल्या होत्या. कुणी, ते कळलं नव्हतं. मी रडले, ती नाही. तिने त्या दिवसाच्या सगळ्या नळ्या तपासल्या, एकही चूक न करता.

गोळी कुणाची ते ठाऊक नव्हतं, तरी दोन दिवसांत दोन्ही बाजूंना ते पक्कं ठाऊक झालं. तिच्या माहेरचे म्हणाले, सरकारच्या सैनिकांनी मारलं, म्हणजे तुझ्या नवऱ्याच्या लोकांनी. सासरचे म्हणाले, तुमच्याच बंडखोरांनी मारलं आणि आता आमच्यावर ढकलता. सासरच्यांत थोरले होते नवऱ्याचे काका, इथल्याच, ऑन्टारिओतल्या लंडनला राहणारे. त्यांनी निरोप पाठवला की तिच्या माहेरची माणसं जिथे असतील तिथे आम्ही पाऊल ठेवणार नाही.

"शनिवारी दुपारी मी दोघांनाही बोलावलंय, दुखवट्याला," ती म्हणाली. "एकच बाजू आली, तर माझं घर मोडलं समज. नवरा एकीकडे, मी एकीकडे, पोरीने कुठे जायचं?"

मग तिने मला तिचा बेत सांगितला. त्यांच्यातली जुनी माणसं मानतात की ज्यांच्यामध्ये रक्त सांडलं आहे, त्यांनी एका भांड्यातून खायचं-प्यायचं नसतं. खाल्लं तर ते रक्त अंगावर येतं. म्हणून ती एकच परात मांडणार होती आणि पाण्याला एकच मग. जो हात घालेल त्याने आपल्यात रक्त नाही असं सगळ्यांदेखत मान्य केलं. जो घालणार नाही, त्याचंही कळेल. एवढं धाडस माझ्यात कधी आलं नसतं. पाहुण्यांनी जेवायला नकार दिला तर, या विचारानेच मी बेत रद्द केला असता. मी भारावून ऐकलं. आणि एवढं ऐकून, घरी येऊन मी काय केलं?

"अहो, ग्रोसरीला जाताय तर प्लेट्स पिक अप करा ना. साठ. आणि कप्स."

"फोमच्या मिळत नाहीत आता," नवरा म्हणाला. "पेपरच्या आणू?"

"जाड बघून आणा. पातळ भाजी आहे, लीक व्हायला नको."

सवय, दुसरं काय! शोकाचं घर, साठ माणसं, बाईला मदत करायला हवी. माझी अक्कल तिथेच थांबली.

शनिवारी तिच्या बेसमेंटमध्ये दोन्हीकडची माणसं आली, हेच मोठं आश्चर्य होतं. काकाही आले, उंच, काठीवाले, कोट न काढता उभे. तिच्या माहेरचे लोक जिन्यापाशी, सासरचे घर गरम ठेवणाऱ्या फर्नेसच्या खोलीपाशी, आणि मधे रिकामा गालिचा. तिचे मामा, तेही म्हातारे, भिंतीकडे तोंड करून बसले होते. ती वर स्वयंपाकघरात होती. मला ती शांतता सोसवेना. मी घरून नेलेलं अन्न टेबलावर वाढायला घेतलं आणि फिरून प्रत्येकाच्या हातात प्लेट दिली, प्रत्येकाला वेगळा कप दिला. सगळ्यांनी किती पटकन घेतल्या! चेहरे सैल झाले. जो तो आपापली प्लेट घेऊन आपापल्या कोपऱ्यात वळला. मला वाटलं, वा, जमलं.

ती परात घेऊन जिना उतरली. ज्वारीच्या पिठाची घट्ट उकड, मधे खळगा करून भेंडीचं कालवण. तिने ते कोपरे बघितले, हातातले कप बघितले, मग माझ्याकडे बघितलं. ट्रे आपटल्यावर बघते तसंच.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या आजोबांना गावच्या हॉटेलात चहा मिळायचा तो वेगळ्या कपात. तो कप बाहेर खिळ्याला टांगलेला असायचा, आणि पिऊन झाला की त्यांनीच विसळून ठेवायचा. ही गोष्ट मी दर जयंतीला भाषणात सांगते, टाळ्या घेते. आणि त्याच आजोबांची नात, मी, इथे माणसामाणसांना वेगवेगळे कप वाटत फिरले होते. इतकी लाज मला आयुष्यात वाटली नाही.

मी जिन्याखालची काळी गार्बेज बॅग उचलली. फर्नेसकडून सुरुवात केली. "सॉरी, माझी चूक झाली, द्या इकडे," म्हणत भरलेल्या प्लेट्स हातांतून ओढून बॅगेत टाकल्या. एका गृहस्थाचा घास तोंडाशी होता, त्याचीही घेतली. काकांनी कप सोडला नाही. मी म्हटलं, "सर, प्लीज, तो माझा आहे, मला परत हवाय." बाई वेडी आहे असं वाटून त्यांनी तो सोडला. जिन्यापाशीही तेच. आता कुणाच्याच हातात काही उरलं नाही.

तिने परात गालिच्याच्या मधोमध ठेवली, शेजारी पाण्याने भरलेला पत्र्याचा मग. स्वतः खाली बसली, एक घास मोडला, खाल्ला. तिचा नवरा येऊन शेजारी बसला. मुलगी आली. त्या तिघांपलीकडे कुणी हललं नाही. मी मोजत नव्हते, पण ती तीन माणसं किती वेळ एकटी जेवत होती ते मला कुणी विचारू नये.

मग ती म्हणाली, मोठ्याने नाही, इंग्रजीत, म्हणजे सगळ्यांना कळावं म्हणून: "गोळी कुणाची ते मला माहीत नाही. तुम्हालाही माहीत नाही. माझा भाऊ जमात विचारून औषधं देत नव्हता."

काकांनी काठी भिंतीला टेकवली. खाली बसायला त्यांना वेळ लागला, गुडघे दुखत असावेत. त्यांनी परातीत हात घातला, खाल्लं, पत्र्याचा मग उचलून पाणी प्यायले, आणि हात लांब करून तो मग मामांच्या पाठीमागे धरला. धरूनच राहिले. मामा वळले नाहीत. काकांचा हात कापायला लागला, पाणी गालिच्यावर सांडायला लागलं, तरी त्यांनी तो खाली घेतला नाही. शेवटी मामा वळले आणि त्यांनी दोन्ही हातांनी मग घेतला.

मग सगळेच बसले, दाटीवाटीने. मलाही तिने ओढून बसवलं. तिकडचं सरकार त्या दुपारी सावरलं नाही, अजूनही नाही. पण मी जिला मनापासून मानते, ती बाई त्या परातीशी बसून, भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा, रडली.

मुलगी गोंधळून तिच्याकडे बघत होती. मग ती काकांकडे वळली. "So you can all come to my graduation? Like, both sides?"

काकांनी भेंडीने माखलेली बोटं चाटून पुसली, खिशातून फोन काढला आणि विचारलं, "किती वाजता?"