बिनआवाजाची बंदूक

गावात मास्तराने एकदा कोणाचा अर्ज लिहून दिला की तो कामातून गेलाच समजा! मग साऱ्या गावाच्या भानगडी त्याच्या ओट्यावर येऊन बसतात. मी आदिलाबादकडे तलमडुगु मंडलातल्या, म्हणजे तालुक्यातल्या, एका गावात शिकवतो. मराठी, तेलुगू दोन्ही लिहिता येतं, एवढाच माझा गुन्हा. गेल्या वर्षी दिवाळी झाल्यावर मारोतीकाकांच्या बंदुकीच्या लायसन्सचा अर्ज लिहिला आणि तेव्हापासून किस्से साचतच चाललेत.

*

मारोतीकाकांची तीन एकर जवारी रानडुकरं दरसाल अर्धी करतात. म्हणून बंदूक पाहिजे. इथपर्यंत ठीक होतं.

काकांनी मोबाइल पुढे केला. परदेशी व्हिडिओ! काळीकुट्ट सेमी-ऑटोमॅटिक रायफल, टोकाला हातभर सायलेन्सर.

"मास्तर, असी लिवा."

म्हटलं, "काका, शेतकऱ्याला असली मिळत नाही. सायलेन्सर तर कोणालाच देत नाहीत."

"मंग लिवाले तुमचं काय जाते?"

माझं काय गेलं ते पुढे कळलं.

*

दुसऱ्या दिवशी चहाच्या हॉटेलात रायफल निवडायची कमिटीच बसली. अध्यक्ष पुरुषोत्तम ऑटोवाला. त्याने असले व्हिडिओ रात्रंदिवस पाहिलेले, त्यामुळे बोलण्यात भारीच कॉन्फिडन्स!

"काका, वजनानं हलकी घ्या. आन काळी नोको, उन्हात तापते."

"सर्व्हिसिंग कुठी होते पण?" हॉटेलवाल्या गंगारामने विचारलं.

"हैदराबादले!"

"मंग नोको. मोटरपंपाचं असंच झालं होतं माह्यं."

पंधरा दिवस हेच. पोरीसाठी स्थळं पाहताना काकांनी एवढा खल केला नव्हता. आणि लायसन्स? त्याचा पत्ताच नव्हता! मी म्हटलं तर सगळे माझ्याकडे असे पाहायला लागले जसं मीच लग्नात शिंकलो.

*

मग आदिलाबादच्या बंदुकीच्या दुकानात मला ओढत नेलं. काकांनी खिशातून सुतळी काढली आणि काउंटरवर पसरली. तिला दोन गाठी मारलेल्या.

"ये मेरे मचान की लंबाई है. इतने में बैठनी पायजे."

दुकानदाराने सुतळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खाली पाहिलं.

"चाचा, पहले लायसन्स लाओ. फिर पूरा मचान उठा के ले आना!"

परतीच्या बसमध्ये काका खूश होते. "माणूस चांगला आहे, मचाण आणा म्हणे."

*

या सगळ्यात जवारी निसवली, कणसं बाहेर पडली आणि डुकरं आली. आमच्याकडे मचाणावर झोपायचं आणि डुकरं आली की फटाका फोडायचा. ती पळतात ती थेट शेजाऱ्याच्या वावरात! मग शेजारी फोडतो, ती परत येतात. काकांचा शेजारी म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ, बापूराव. मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, दोघांचं वाजलं, त्याला आठ वर्षं झाली. तेव्हापासून बोलणं बंद. फटाके मात्र दोन्हीकडून चालू असायचे.

त्या वर्षी मात्र दिवाळीनंतर काकांनी फटाकेच बंद केले. डुकरांनी एक एकर लोळवलं.

"काका, फटाके काऊन नाही फोडत?" मी विचारलं.

"ओले झाले."

"मग वाळवा ना!"

"पाहू."

असा राग आला म्हणून सांगू! बंदुकीसाठी आकाशपाताळ एक करणार आणि दहा रुपयांचा फटाका वाळवणार नाही. अशा माणसाचा अर्ज मी का लिहिला?

*

अर्ज ठाण्यातून परत आला. 'हत्याराचा प्रकार' या रकान्यात काकांच्या हट्टापायी मी लिहिलं होतं, 'ऑटोमॅटिक, आवाज न होणारी'. त्याखाली लाल रेघ, तीही दुहेरी! पाठोपाठ कॉन्स्टेबल गावात. हॉटेलात चहा घेत त्याने तेलुगूत सहज विचारलं, "या माणसाचं कोणाशी वैर आहे का?"

झालं! काल रायफलचा रंग ठरवणारी कमिटी आज एकसुरात म्हणाली, "आहे ना! सख्ख्या भावासंगं!"

संध्याकाळपर्यंत गावभर एकच गोष्ट. मारोती भावाला गुपचूप उडवणार. पुरुषोत्तम तर म्हणाला, "मले पयलेच डाऊट होता!"

*

काकांना आणि मला ठाण्यात बोलावलं. इन्स्पेक्टर तेलुगूत विचारणार, मी मराठीत सांगणार. लायसन्स तर गेलंच होतं, काका आत जातात की काय याची मला भीती.

"विचारा याला, डुकरं तर आवाजाने पळतात. मग आवाज न होणारी बंदूक कशाला?"

मी विचारलं. काका पंख्याकडे पाहत बसले.

"काका, बोला! सगळे काय म्हणून राहिलेत माहीत आहे ना?"

काका म्हणाले, "बापूचं हार्टचं आपरेशन झालं दिवाळीत. वावरातच झोपते तो, धुऱ्याच्या पल्याड. फटाका वाजला का दचकते. डॉक्टरनं आवाज नोको सांगतला म्हणे."

"म्हणे म्हणजे? कोणी सांगितलं तुम्हाला?"

"हॉटेलात आयकलं."

मी तेलुगूत सांगितलं. इन्स्पेक्टरने पेन खाली ठेवला.

"भाऊ याच्याशी बोलतो का?"

"आठ वर्षं नाही."

त्याने लाल रेघेवरची ओळ खोडली. म्हणाला, "साधी बंदूक लिहा. पण शेजाऱ्याचा जबाब लागेल, हरकत नसल्याचा. भाऊ देईल?"

बाहेर आल्यावर काका एवढंच म्हणाले, "जाऊ द्या मास्तर. तो सही नाई देत."

*

मी बापूरावकडे गेलो नाही. आठ वर्षांत त्या दोघांमध्ये पडून कोणाचं भलं झालेलं मी पाहिलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बापूरावच ओट्यावर आला. छातीवर हात, धाप लागलेली.

"मास्तर, ठाण्यात काय झालं ते आयकलं मी. जबाब लिवा."

मी कागद घेतला. "काय लिहू?"

"बंदूक द्या म्हना त्याले. आवाजवालीच द्या."

"अहो, पण डॉक्टरने तुम्हाला..."

"डॉक्टरले काय समजते? दिवाळीपासून फटाका बंद आहे त्याचा. मले झोप नाई लागून राह्यली. फटाका वाजला का समजते ना, आहे तो मचाणावर."

मी लिहिलं. त्याने सही केली, शाई वाळेस्तोवर फुंकर मारली आणि पायरी उतरता उतरता वळून म्हणाला,

"हे त्याले सांगू नोका!"