बापाच्या हाती वस्तरा

आरमोरी चांदा जिल्ह्यात होती तेव्हा मी तिथल्या शाळेत मास्तर होतो. दाढी बाजारातल्या चिंचेखाली करून घ्यायचो. तिथला न्हावी संथ बोलायचा, प्रत्येक वाक्याला 'जी' जोडायचा. त्याचे म्हातारे वडील शेजारीच बसत. तेही जन्मभर न्हावीच, पण आता त्यांना माणसं ओळखू येत नसत, घरची वाटही आठवत नसे. गिऱ्हाइकाच्या गालांना साबण लावायचं काम मुलानं त्यांना दिलं होतं. लावलेलं विसरून ते पुन्हा लावत.

कुणी कुरकुरलं तर मुलगा म्हणायचा, "लावू द्या जी. घरी रिकामे बसले का त्याइचा जीव घाबरते. हाताले काम असलं का बरे रायते."

एके दिवशी म्हाताऱ्यांनी वस्तराच मागितला. मला वाटलं, हा काहीतरी सांगून टाळेल. त्यानं वस्तरा बापाच्या हातात ठेवला, स्वतःच समोर मांडी घालून बसला आणि मान वर केली.

"अरे, हात थरथरतो त्यांचा," मी म्हणालो.

"वस्तरा धरला का नाई थरथरत जी."

तरी माझा जीव थाऱ्यावर नव्हता. पण वस्तरा त्याच्या गळ्यावरून सरळ, हलका फिरला. कुठे ओरखडासुद्धा उठला नाही. दाढी झाल्यावर म्हाताऱ्यांनी त्याची हनुवटी धरून चेहरा दोन्ही बाजूंनी नीट पाहिला.

"कोण्या गावचे जी तुमी?" त्यांनी विचारलं.

"इथलाच हाव जी," तो म्हणाला, आणि तोंड पुसून त्यानं मला बसायची खूण केली.