मामांच्या खोलीतलं न्हाणीघर

माझ्या सासऱ्यांना मी मामा म्हणते. त्यांनी पाणी पिणं कमी केलंय हे माझ्या लक्षात आलं, तोवर त्यांना लकवा होऊन बरेच महिने उलटले होते. सकाळी खाटेशेजारी भरून ठेवलेला तांब्या दुपारीही तसाच असायचा. गोळीपुरता घोट घेत, बाकी नाही. दिवस उन्हाळ्याचे होते आणि आमच्या पूर्णा गावचा उन्हाळा असा की घरातल्या भिंतीला हात लावला तरी चटका बसतो. "मामा, पाणी का पीत न्हाईत?" असं विचारलं की ते भिंतीकडं तोंड फिरवायचे.

कारण ध्यानात आलं तेव्हा माझंच तोंड कोरडं पडलं. आमची न्हाणी आणि संडास मागच्या अंगणात, पायऱ्या उतरून. मामा काठी टेकत घरात चार पावलं टाकायचे, पण पायऱ्या त्यांना जमत नव्हत्या. सकाळी माझे यजमान मामांना उचलून तिथं न्यायचे, आंघोळ घालायचे आणि गाडी धरून परभणीला नोकरीवर जायचे. त्यानंतर संध्याकाळपर्यंत घरात मी एकटीच. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. सुनेला हाक मारून "मला संडासला ने" म्हणायचं, हे काही मामांना जमणार नव्हतं. म्हणून त्यांनी पाणीच तोडलं होतं.

मामा रेल्वेत पाइप फिटर होते. उभा जन्म लोखंडी नळांना आटे पाडण्यात आणि पाने फिरवण्यात गेला. आवाज असा की गल्लीच्या तोंडाशी बोलले तरी घरात ऐकू यायचं. लग्न होऊन आल्यावर कित्येक वर्षं मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू दिला नाही आणि कामापुरतंच बोलले. आता तोच माणूस खाटेवर बसून असायचा. उजवा हात मांडीवर निजलेला, जीभ जड, एकेक शब्द ओढून काढायचे.

संध्याकाळी यजमानांना म्हटलं, "मामांच्या खोलीला लागून न्हाणीघर करायचं. आतच. कमोड बसवून."

"करू की. दिवाळी होऊ दे."

"दिवाळीपर्यंत ते तसेच ऱ्हायचे का, पाण्यावाचून?"

मी सगळं सांगितलं. जेवणावरून उठले ते थेट गवंड्याच्या घरी गेले.

मामांच्या खोलीशेजारी धान्य ठेवायची लहानशी खोली होती. मधल्या भिंतीत दार पाडलं की काम होण्यासारखं होतं. गवंडी आला, प्लंबर आला, मामांची खाट पुढच्या खोलीत हलवली. प्लंबरनं नळासाठी भिंतीत झिऱ्या पाडल्या, पाइप आणून टाकले आणि दुसऱ्या मोठ्या कामावर गेला. फोन केला की "उद्या येतो वहिनी." तो उद्या काही येईना. गावातले बाकीचे प्लंबरही लग्नसराईत अडकलेले. घरभर सिमेंटची धूळ, भिंत चिरलेली, आणि मामा पुढच्या खोलीतून दिवसभर त्या चिरांकडं बघत बसलेले.

एका दुपारी त्यांनी डाव्या हातानं खाटेखाली बोट दाखवलं. "बाई. पेटी."

मी त्यांची हत्यारांची पेटी ओढून काढली. नोकरी सुटली तरी दर दसऱ्याला तेलपाणी करून पुजलेली हत्यारं होती ती. त्यांनी त्यातला एक पाना उचलला आणि माझ्यापुढं धरला.

"पुसून ठेवू का?"

"न्हाई." घाम फुटला त्यांना, पण म्हणाले, "तू. कर."

"मामा, मला काय येतंय त्यातलं?"

"मी हाय ना."

मी पदर कमरेला खोचला. डोक्यावरून तो गेला तो त्या दिवशीच, आणि आमच्या दोघांपैकी कुणालाही ते जाणवलंसुद्धा नाही.

त्यांची खुर्ची मी नव्या न्हाणीच्या दारात मांडली. काय करायचं ते मामा दाखवायचे, बोटानं, मानेनं, कधी नुसतं डोळे मोठे करून. आधी मला त्यांचे शब्द कळायचे नाहीत आणि ते चिडायचे. मग हळूहळू अर्धा शब्द आला तरी कळायला लागलं. पाइप सरळ कापायचा, कापलेली कड घासायची, नळाच्या आट्यांवर पांढरी टेप कोणत्या बाजूनं गुंडाळायची, पाना किती आवळला की थांबायचं, सगळं मी त्या खुर्चीसमोर बसून शिकले.

भांडणही झालं आमचं. मामांना लोखंडी पाइपच हवा होता. प्लास्टिकचा पाइप हातात घेऊन त्यांनी खेळणं टाकावं तसा बाजूला टाकला. मी म्हटलं, गरम पाण्याला चालतो असं दुकानदारानं सांगितलंय, सोल्युशन, म्हणजे चिकटवायचं औषध, लावून कसा जोडायचा ते मी दुकानात उभी राहून बघून आलेय. ते मान हलवेनात.

"लोखंड!"

"मामा, लोखंडाला आटे पाडायला तुमचा उजवा हात लागतो. ह्याला माझा पुरतो."

बोलून गेले आणि जागीच थिजले. सासऱ्यापुढं असं मी जन्मात बोलले नव्हते.  मामांनी वाकून डाव्या हातानं तोच पाइप उचलला, उलटसुलट करून बघितला आणि माझ्या हातात दिला. "दाव. कसा जोडतेत."

आता शिकवायची पाळी माझी होती. टोकाला सोल्युशन लावून मी पाइप एल्बोत, वळणाच्या जोडात, दाबला आणि धरून ठेवला. त्यांनी ओढून बघितला. निघेना. "हां," म्हणाले. त्या एका अक्षरानं माझा हुरूप दुप्पट झाला.

गवंड्याचं काम शेजारीच चाललं होतं. त्यानं सांडपाण्याचा पाइप टाकला तेव्हा मामांनी मला तांब्याभर पाणी ओतायला लावलं. पाणी थोडं गेलं आणि भिंतीजवळ थबकलं.

"फरशी बसली की निघंल," गवंडी म्हणाला.

"न्हाई निघत," मामा म्हणाले.

गवंड्याला ते कळलं नाही, मला कळलं. मी म्हटलं, "दादा, पाइप काढा आणि उतार देऊन परत टाका. उद्या तुंबलं तर फोडायला घर माझं हाय." तो कुरकुरला, पण त्यानं काढला. दुसऱ्यांदा ओतलेलं पाणी सुळकन निघून गेलं.

भिंतीला धरायची दांडी कुठं ठोकायची हे मामांच्या अंगावरच मोजलं. गवंडी आपल्या सवयीनं उजवीकडं खुणा करायला लागला होता. मी कमोडच्या जागी खुर्ची ठेवली, मामांना तीवर बसवलं आणि म्हटलं, "उठा आता. हात जाईल तिथं जाऊ द्या." डावा हात भिंतीवर जिथं टेकला तिथं मी पेन्सिलीनं खूण केली. कडीही त्याच हाताला येईल अशी लावून घेतली. बोटांनी पिळायचा नळ घेतला नाही, मनगटानं ढकलला तरी उघडेल असा लांब दांडीचा आणला. उंबरा तर ठेवलाच नाही.

पाणी सोडायचा दिवस उजाडला. मी गच्चीवर जाऊन टाकीचा वॉल उघडला आणि पळत खाली आले. बघते तर एका एल्बोतून कारंजं उडतंय आणि खुर्चीत मामा नखशिखान्त भिजलेले. मला रडूच यायला लागलं. एवढ्या दिवसांची मेहनत, आणि त्या म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर पाणी.

आणि मामा हसत होते. तोंड एका बाजूला ओढलं जात होतं, तरी खांदे हलेपर्यंत हसत होते. लकवा झाल्यापासून त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

"सोल्युशन," म्हणाले, "कमी. पडलं."

मग मीही हसले. वर जाऊन वॉल बंद केला, त्यांचं अंग पुसलं, जोड कापून काढला आणि नवा बसवला. दुसऱ्या दिवशी पाणी सोडलं तेव्हा मी प्रत्येक जोडावरून कोरडं बोट फिरवलं. बोट कोरडंच राहिलं.

रविवारी फरशी वापरण्यासारखी झाली होती. यजमान बाह्या सावरून मामांना आंघोळ घालायला निघाले. मामांनी काठी टेकत दार गाठलं, आत गेले आणि वळून लेकाला म्हणाले, "भाईर."

कडी लागली.

आम्ही दोघं दाराबाहेर उभे. आत नळ सुरू झाला, बंद झाला. मग थोडा वेळ काहीच ऐकू येईना. यजमानांनी दारावर थाप मारायला हात उचलला, तो मी धरला. परत नळ सुरू झाला, पाण्याचा सपकारा आला, खाकरल्याचा आवाज आला. बराच वेळ लागला, लागू दिला.

मामा बाहेर आले ते उलटी बनियन घालून. कानामागं साबण तसाच, केस ताठ उभे. काठी टेकत स्वतःच खाटेपर्यंत गेले, बसले आणि म्हणाले, "चहा."

यजमान मागच्या अंगणात निघून गेले. डोळे पुसायला गेले असतील, मी विचारलं नाही. मी चहा ठेवला. दूध ओतताना छाती अशी भरून आली होती की जणू एखादं धरण मीच बांधलंय. त्या उन्हाळ्यात मामा परत पोटभर पाणी प्यायला लागले.

पुढं त्यांचे रेल्वेतले जुने सोबती भेटायला आले. चहा व्हायच्या आत मामांनी सगळ्यांना न्हाणीघरात नेलं. त्या बिचाऱ्यांना वाटलं, त्यांना आधार हवाय. मामांनी एकेकाला नळाची दांडी ढकलायला लावली, फ्लश ओढायला लावला, पाणी कसं निघून जातंय ते वाकून बघायला लावलं.

"काम लय नीट केलंय," एकजण म्हणाले. "फिटर कोण व्हता?"

मामांनी डावा हात उचलला आणि माझ्याकडं केला. "माझी सून. फिटर."

हे तिन्ही शब्द त्यांनी न अडखळता म्हटले. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते आणि खाली बघायचंही विसरले.

ही बातमी गल्लीत पसरायला कितीसा वेळ लागणार? पलीकडच्या घरातल्या आजींच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांची लेक आमच्याकडं आली. म्हणाली, "आमच्या न्हाणीत तसलीच दांडी अन् तसलाच नळ बसवायचाय. तुमचा प्लंबर पाठवता का?"

"मीच येते," मी म्हटलं.

तिला आधी वाटलं, बघायला येते. मी मापं घेतली, जुना नळ खोलला, आटे साफ केले, तेव्हा कुठं तिच्या ध्यानात आलं. आजी पलंगावरून माझ्याकडं टक लावून बघत होत्या. नवा नळ आणि दांडी बसली तसं मी त्यांना धरून न्हाणीपर्यंत आणलं. त्यांनी दांडीला घट्ट धरलं, दोन वेळा उठून बसून बघितलं आणि लेकीला म्हणाल्या, "आता तुझी वाट बघायची न्हाई मी आंघोळीला."

लेक हसली. मी पाण्याखाली हात धुतले आणि घरी येऊन मामांना सगळं काम पहिल्यापासून सांगितलं. ते मधेमधे थांबवून विचारत होते, आणि प्रत्येक प्रश्नाचं उत्तर माझ्याकडं होतं.