चष्मेवाल्यांनी रॅम वाढवली

चष्मेवाल्यांनी दुकान मुलीच्या हवाली केलं आणि ते घरी बसले. बसले म्हणजे म्हणायला. हात सतत शिवशिवणार. बिजागऱ्यांना तेल देऊन झालं, मिक्सर उघडून पुन्हा बंद करून झाला, तेव्हा त्यांची नजर बायकोच्या कॉम्प्युटरवर गेली. तो संथ होता, हे मात्र खरं. ती अंध वाचकांच्या ग्रंथालयासाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करते. एक प्रकरण उघडेपर्यंत चहा करून, पिऊन, कपसुद्धा विसळून होई.

"अगं, याची नुसती रॅम वाढवायला हवी."

"दादा नवा कॉम्प्युटर पाठवतो म्हणतोय."

दादा म्हणजे मेहुणे. हे गृहस्थ एका भेटीत काहीतरी देतात आणि पुढच्या भेटीत ते नीट वापरताय ना, हे बघून जातात. घरातला फ्रीज त्यांचा, गीझर त्यांचा. कॉम्प्युटरही त्यांचाच आला, तर या घरात चष्मेवाल्यांचं असं उरणार काय? एक आरामखुर्ची. तीही डुगडुगती.

ते तडक बाजारात गेले आणि रॅमची मोठी पट्टी घेऊन आले. दुकानदाराने विचारलं होतं, "जुन्या पट्ट्या काढणार ना? एकत्र चालतीलही, पण खात्री नाही." यातलं "चालतील" तेवढं यांच्या कानात शिरलं. धडधाकट पट्ट्या काढून का टाकायच्या? खाचेत बसते ना, मग झालं! उभा जन्म त्यांनी एकाच फ्रेममध्ये दोन वेगळ्या नंबरांच्या काचा बसवल्या होत्या. उजवा डोळा वेगळा, डावा वेगळा, तरी माणूस बघतोच की!

जुन्या दोन आणि नवी एक, असा सगळा गोतावळा बसवून त्यांनी बटण दाबलं. कॉम्प्युटर पळाला की हो!

"बघ! मी काय म्हणत होतो?"

"गप्प बसा, रेकॉर्ड करतेय."

अर्ध्या प्रकरणात पडदा निळा झाला आणि कॉम्प्युटर आपला आपण नव्याने सुरू झाला. वाचलेलं सगळं गेलं. तिने पुन्हा वाचलं, पुन्हा गेलं. चष्मेवाल्यांनी आधी विजेला दोष दिला, मग माइकला, शेवटी कादंबरी लिहिणाऱ्याला. तिने हेडफोन काढून शांतपणे टेबलावर ठेवला.

"सकाळपासून या नायिकेला मारतेय, आणि दर वेळी ती जिवंत होतेय. ग्रंथालयाला आज शेवटचं प्रकरण द्यायचंय. एक तर हा चालवा, नाहीतर मी दादाला फोन लावते."

आता मात्र ते गुमान खाली बसले आणि जे पहिल्यांदाच करायला हवं होतं ते केलं. दुकानात गिऱ्हाइकाच्या डोळ्यापुढे एकेक काच धरायचे, तशी एकेक पट्टी लावून बघायला लागले. दर वेळी वीज बंद, पट्टी बदल, वीज चालू.

"फक्त जुन्या. कसं वाटतंय?"

"चालतोय. रडतखडत."

"फक्त नवी. आता?"

"छान! लगेच उघडलं."

"नवी आणि एक जुनी. हे बरं, की आधीचं बरं?"

"अहो, गेला पुन्हा! आधीचंच बरं!"

खाचा बदलून पाहिल्या, तरी तेच. एकही पट्टी खराब नव्हती. डोळे आपापल्या काचेतून बघतात, पण पट्ट्यांना एका चालीने चालावं लागतं, आणि या नव्या-जुन्यांची चाल काही जमत नव्हती. कामाचा भार पडला की सगळ्या अडखळत. चष्मेवाल्यांना हे कळलं. पचायला मात्र वेळ लागला.

"जुन्या दोन्ही चांगल्या आहेत गं."

"असतील. काढा."

काढल्या. नायिका एकदाची मेली, फाइल सेव्ह झाली, ग्रंथालयाकडे रवानाही झाली. मग तिने भावाला फोन लावला.

"दादा, नवा नको पाठवू. यांनी नीट केला... काय केलं? काहीतरी काढलं."

"अगं, तपासून काढलं म्हण!" चष्मेवाले खुर्चीतून ओरडले.

"तपासून काढलं म्हणतायत." मग तिने फोनवर हात ठेवला. "अहो, दादाचाही हळू चालतोय. येऊन बघाल का, विचारतोय."

चष्मेवाले आढेवेढे घेणार, असं तिला वाटलं होतं. कसले आढेवेढे! स्क्रूड्रायव्हर हातात होताच. दुसऱ्या हाताने ते टेबलावरच्या जुन्या पट्ट्या हळूच खिशात सरकवत होते.

"त्या इथेच ठेवा," ती म्हणाली.