गाडीतली चौथी जागा

“खलनायक मूर्ख नसतो, त्याला फक्त ऐकणारं कोणी नसतं,” शंकासुर एकदा म्हणाले.

विषय निघाला होता आमच्या छापखान्यातल्या युद्धकथांच्या अठ्ठाविसाव्या पुस्तकातल्या महानियंत्यावरून. कप्तान खुर्चीला बांधलेला. यंत्रमानवाची बंदूक त्याच्या कानशिलाला. महानियंत्यानं नुसती भुवई हलवली असती तरी युद्ध तिथंच संपलं असतं. पण तो सहा पानं बोलत बसतो. फौज कुठून येणार, बुरूज कुठं आहे, सगळ्या यंत्रमानवांना एकदम बंद करणारी कळ कोणत्या मजल्यावर आहे, सगळं सांगतो. ती सहा पानं मी संगणकावर जुळवत होते. बोटं दुखायला लागली तशी मी वैतागून विचारलं, “काका, एवढी अख्खी फौज उभी करणारा माणूस ऐनवेळी असा बावळटपणा कसा करतो?”

त्यांनी प्रुफावरची पेन्सिल न उचलता ते उत्तर दिलं. मग जास्त बोललो असं वाटून म्हणाले, “पान एकशे चार. ‘नियंत्रित’ बघ, एक वेलांटी जास्त झालीय.”

तेव्हा त्यांना ऐकणारं माणूस घरी होतं. म्हणून असेल, ते हे इतकं सहज बोलून गेले.

त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं आणि तिथंच राहिलं. छापखान्यात सगळे त्यांना मागे शंकासुर आणि तोंडावर काका म्हणायचे. त्यांना दोन्ही ठाऊक होतं. मुद्रितशोधकाचं काम ठरलेलं असतं. अक्षर चुकलं तर दुरुस्त करायचं. अर्थ लेखकाचा, त्याला हात लावायचा नाही. फारच खटकलं तर समासात पेन्सिलीनं शंका लिहायची आणि लेखक काय म्हणतो त्याची वाट बघायची. बाकीचे शोधक वर्षातून चार शंका लिहीत. कुठं तारीख जुळत नसे, कुठं पहिल्या प्रकरणातली मावशी तिसऱ्यात आत्या झालेली असे. काकांच्या शंका एका फर्म्यात, म्हणजे सोळा पानांत, चार असायच्या. आणि त्या सगळ्या एकाच मालिकेवर. ‘लोखंडी रणांगण’. खिशात मावणारी पुस्तकं, वर्षाला दोन, वीस वर्षं चाललेली.

“पान ३१. बुरूज पाडला की सगळे यंत्रमानव बंद पडतात. मग दुसरा बुरूज का बांधला नाही?”

“पान ७७. यंत्रमानव उलटला की त्याचे डोळे लाल होतात. शत्रूनं ही सोय कोणासाठी केली?”

“पान १४०. पाचजण आहेत, अंधार आहे, हत्यार एक आहे. पाच दिशांना का जातात?”

लेखक छापखान्यात कधी येत नसत. हस्तलिखित खाकी पाकिटातून यायचं, प्रूफ तसल्याच पाकिटातून जायचं. प्रत्येक शंकेखाली हिरव्या शाईत दोनच शब्द परत यायचे. तसेच ठेवा. वीस वर्षं. मला वाटतं, काकांनी उत्तराची आशा केव्हाच सोडली असावी. पण प्रश्न विचारणं सोडलं नव्हतं.

ते प्रश्न त्यांचे नव्हते, हे मला नोकरीला लागल्यावर चौथ्या वर्षी कळलं. काका आजारी होते म्हणून मी त्यांच्या घरी प्रूफ पोचवायला गेले. तिसरा मजला, एक खोली, खिडकीशी टेबल. टेबलाला समोरासमोर दोन खुर्च्या. पूर्वी प्रूफ दोघांनी तपासायची पद्धत होती. एकानं हस्तलिखित मोठ्यानं वाचायचं, दुसऱ्यानं छापलेल्या ओळीवर डोळा ठेवायचा. छापखान्यानं वाचणारा माणूस कधीच कमी केला होता. काकांनी त्याच्या जागी बायकोला बसवलं होतं. मी दारात उभी असताना काकू वाचत होत्या.

“अवतरण माझ्यामागून या स्वल्पविराम अवतरण पूर्ण कप्तान म्हणाला पूर्णविराम नवा परिच्छेद तो एकटाच,” इथं त्या थांबल्या. “अहो, हा पुन्हा एकटाच निघाला.”

“निघू दे.”

“निघू दे काय? आत्ताच तर म्हणाला माझ्यामागून या. ती माणसं काय तिथं बसून राहणार? लिहा.”

“ते आपलं काम नाही.”

“लिहा हो. विचारायला काय जातंय?”

काकांनी लिहिलं. मला बघून काकू हसल्या आणि म्हणाल्या, “ये ग, बस. यांच्या युद्धात माणसं कमीच पडतात.” मालिकेत निरोप्या नावाचा एक जुनाट यंत्रमानव होता. पहिल्या पुस्तकापासून फक्त निरोप पोचवायचं काम करायचा, आणि सुटे सुटे शब्द बोलायचा. त्याची वाक्यं काकू नाकातून वाचायच्या. त्यावेळी काकांची पेन्सिल थोडा वेळ हवेत थांबायची. मी छापखान्यात यातलं कोणाला सांगितलं नाही.

चौतिसाव्या पुस्तकाच्या वेळी काकू आठ दिवस इस्पितळात होत्या. शेवटचा फर्मा अडकला होता. नवव्या दिवशी सकाळी त्याच म्हणाल्या, तुम्ही जा, देऊन या, मी कुठं पळून जातेय. काका अकरा वाजता छापखान्यात आले. माझ्या शेजारच्या टेबलावर बसून सोळा पानं वाचली, प्रत्येक पानावर सही केली आणि दीड वाजता परत गेले. तोपर्यंत खाटेवरची चादर बदलून झाली होती.

हे त्यांनी मला पुढं एकदाच सांगितलं, बसची वेळ सांगावी तसं. “सोळा पानं होती. दुसऱ्या दिवशी दिली असती तरी चाललं असतं.”

त्यानंतर ते घरी प्रूफ नेईनासे झाले. सगळं वाचन छापखान्यात. ओठ हलायचे, आवाज नसायचा. दर रविवारी त्यांच्या बहिणीचा फोन यायचा. सोमवारी ते सांगायचे, “ताई म्हणते, इकडे राहायला ये.”

“मग?”

“बघू म्हटलं.”

तीन वर्षं ते बघत होते. शंका लिहीत होते, पण त्या पहिल्यासारख्या राहिल्या नव्हत्या. पूर्वी वाचताना हसू यायचं. आता नुसतं पान, ओळ आणि का.

चाळिसावं पुस्तक शेवटचं होतं. लेखकाची प्रकृती ठीक नव्हती, हस्तलिखित सोळा-सोळा पानांनी येत होतं, आणि मालकांना घाई होती. त्यामुळं ठरलं की एकेक फर्मा तपासून झाला की लगेच छापायचा, पुढच्याची वाट बघायची नाही. पुढं काय होणार हे आम्हा कोणालाच माहीत नव्हतं.

तिसऱ्या फर्म्यात पूल आला. मागून यंत्रफौज येतेय. कप्तान, डॉक्टरीणबाई आणि जखमी चालक गाडीत बसतात. निरोप्या पुलाच्या तोंडाशी उभा राहतो. कप्तान त्याच्याशी दोन शब्द बोलतो, निरोप्या म्हणतो, “तुम्ही. जा.” गाडी निघते. आरशात तो लहान लहान होत जातो. काकांनी समासात लिहिलं, “गाडीत चौघांची जागा (पान १७). तिघेच बसले. याला का सोडलं?”

चार दिवसांनी पाकीट परत आलं. हिरवे दोन शब्द.

काका ते पान घेऊन जेवणाच्या सुट्टीभर बसले. डबा उघडलाच नाही. मग त्यांनी निरोप्या मागे राहतो त्या तीन ओळींवर रेघ मारली, समासात एक ओळ लिहिली आणि पान माझ्यापुढं ठेवलं. ‘तूही ये,’ कप्तान म्हणाला, आणि निरोप्या मागच्या जागेवर येऊन बसला.

शाई हिरवी नव्हती.

“काका, हे लेखकांनी सांगितलंय?”

“जागा आहे गाडीत.”

“ते खरं. पण मालकांना विचारूया का एकदा?”

“तू जुळव. सही माझी आहे.”

मी जुळवलं. त्यांनी इतक्या वर्षांत कोणाकडे काही मागितलं नव्हतं, एवढंच तेव्हा मनात आलं. दुसऱ्या दिवशी फर्मा छापला, घडी घालून गठ्ठे बांधले गेले.

पुढच्या दीडशे पानांत निरोप्याचं नावही नव्हतं. म्हणजे आमच्या हिशेबी तो गाडीत मागे गुपचूप बसला होता. ते दिवस काका बरे होते. एकदा मला म्हणाले, “एवढा वेळ गप्प बसलाय बिचारा. जुना आहे ना, गाडी लागत असेल.” मी हसले, तेही हसले. ताईकडे एक आठवडा जाऊन येईन म्हणाले.

मग तेरावा, शेवटचा फर्मा आला. यंत्रफौज पुलावर येते. पुलाखाली वाकून एकजण दोन तारा हातात धरून बसलेला असतो. गाडी गेली त्या दिवसापासून तिथंच. कप्तान निघताना त्याच्याशी जे दोन शब्द बोलला होता, ते यासाठीच. निरोप्या तारा जोडतो. पूल जातो, फौज जाते, तोही जातो.

काकांनी ते पान दोनदा वाचलं आणि माझ्या टेबलाशी आले. “पुलाखाली कोण आहे?”

“निरोप्या.”

“तो गाडीत आहे.”

“आपल्या गाडीत आहे, काका.”

ते उभेच राहिले. तेव्हा मालकांकडे जाऊन सांगितलं असतं, तर तिसरा फर्मा पुन्हा छापून प्रकरण मिटलं असतं. आम्ही दोघांनी ते ओळखलंही होतं. पण काका जागेवर गेले, शेवटच्या सोळा पानांवर सह्या केल्या आणि ती मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवली. मी मान खाली घालून पुढच्या कामाला लागले. पुस्तकातल्या माणसांच्या ज्या निर्णयांवर ते वीस वर्षं प्रश्नचिन्हं काढत आले, त्यातलाच हा एक होता, आणि आम्हाला वाटलं, कोणाच्या लक्षात येणार आहे?

पुस्तक बाजारात गेल्यावर पंधरा दिवसांत एका वाचकाचं पत्र आलं. निरोप्या गाडीतून उतरला कधी, एवढाच प्रश्न होता. एका सकाळी साडेदहाला आम्हाला आत बोलावलं. मालकांसमोर स्वेटर घातलेला एक लहानखुरा म्हातारा बसला होता. तेच लेखक. आयुष्यभर उद्वाहनं, म्हणजे लिफ्ट, दुरुस्त करायचं काम केलेला माणूस, असं नंतर कळलं. टेबलावर तिसऱ्या फर्म्याचं कोरं प्रूफ, त्यावर पेन्सिल.

मालकांनी आधी माझ्याकडे पाहिलं. “हे तुझे उद्योग?”

“तिनं मी लिहिलं तेवढं जुळवलं,” काका म्हणाले.

“तुम्ही? काका, वीस वर्षांत एक मात्रा इकडची तिकडे केली नाहीत तुम्ही. एकदम माणूसच उचलून गाडीत बसवलात?”

“यंत्रमानव,” लेखक हळूच म्हणाले.

“तेच ते. हे बघा, दुसरी आवृत्ती काढतोय. फर्मा नव्यानं छापू. ज्यानं केलं त्यानंच खोडून सही करायची, ही आपली पद्धत. ती ओळ खोडा, खाली सही करा, विषय संपला. यांची नवी मालिका सुरू होतेय, तीही तुमच्याकडेच. नाही खोडलीत तर मला दुसरा माणूस बघावा लागेल. मला तसं करायचं नाहीये, काका.”

काका बसले. लेखकांनी खुर्ची त्यांच्याजवळ ओढली.

“तुमच्या शंका मी वाचायचो बरं का,” ते म्हणाले. “उत्तर काय देणार? तुमचं म्हणणं बरोबरच असायचं. दुसरा बुरूज बांधला असता तर माझं पुस्तक चाळिसाव्या पानावर संपलं असतं. म्हणून आपलं तसेच ठेवा. पण पाकीट आलं की आधी समास वाचायचो. एकटाच हसायचो घरात.” मग म्हणाले, “मधे बदलल्या शंका. चौतिसाव्यानंतर. मला वाटलं शोधक बदलला.”

काकांनी मान हलवली. ती हो होती की नाही, कळलं नाही.

“निरोप्या तिथं नसला तर पूल पडत नाही हो,” लेखक समजावणीच्या सुरात म्हणाले. “कप्तानानं त्याला टाकलं नाही. तो स्वतः थांबला. त्यानंच सांगितलं, तुम्ही जा.”

“त्यानं सांगितलं.”

“हो.”

“म्हणून जायचं?”

मालक घड्याळाकडे बघू लागले. काचेपलीकडे यंत्र चालू होतं, त्याचा आवाज जमिनीतून पायांना लागत होता.

काकांनी पेन्सिल उचलली. चष्मा वर केला, पान जवळ घेतलं. पेन्सिलीचं टोक त्या ओळीच्या पहिल्या अक्षरावर टेकलं. मी ते टोक बघत होते. एक आडवी रेघ मारायची होती, बोटभर लांब. रोज अशा शंभर मारणारा हात. तो तिथं किती वेळ होता, सांगता येणार नाही. टोकाखाली एक काळा ठिपका उमटला, तो मोठा होत गेला आणि मग टोक तुटलं.

मालकांनी दुसरी पेन्सिल पुढं केली.

काकांनी ती घेतली नाही. पान सरळ करून लेखकांच्या बाजूला फिरवून ठेवलं, ओळ त्यांना वाचता येईल असं. चष्मा काढून मिटला, वरच्या खिशात घातला. खुर्ची मागं सारून उठले, माझ्याजवळून जाताना एक क्षण थांबल्यासारखे झाले, आणि दार उघडून निघून गेले.