लोणच्याच्या बरणीशेजारचा समुद्र

लेकीला इंग्लंडच्या किनाऱ्यावरच्या एका जिल्ह्यात शाळेत नोकरी लागली. सोमवारपर्यंत होकार कळवायचा होता आणि तिची आई काही हो म्हणेना. कारण, जिल्ह्याच्या नावाचं गावच नकाशात सापडत नव्हतं.

"अगं, चार गावं मिळून एक कारभार. आपली कल्याण-डोंबिवली तशी," मी म्हटलं.

"कल्याण आहे, डोंबिवली आहे. तिथे पोरगी राहणार कुठे, कारभारात?"

मग मी जेवणाच्या टेबलावर अख्खा जिल्हाच मांडला. निळा टॉवेल म्हणजे समुद्र. तो डोंबिवलीकराच्या सवयीने पश्चिमेला, बाल्कनीच्या अंगाला अंथरला. त्याच्या काठावर कुकर, म्हणजे हॉटेलांचं मोठं गाव. मग खाडी, तिच्या चिखलासाठी कालची मसुराची उसळ, रंग जुळला म्हणून.

"खाडी ओलांडली की हा साखरेचा डबा, जुनं बंदर. ठाण्याहून कळवा, तसं. आतली खेडी म्हणजे हे वाटाणे. ह्या वाटाण्याला स्टेशन आहे, पण खडवलीसारखं. गाडी थांबते ती उपकार केल्यासारखी."

"आणि पोरगी?"

कुकरच्या गावातच स्टेशन म्हणून काडेपेटी ठेवली. काडेपेटी आणि टॉवेलच्या मधे लोणच्याची बरणी. "ही तिची खोली."

बायकोने बरणीवर बोट ठेवलं. "स्टेशनच्या ईस्टला की वेस्टला?"

आमच्याकडे फ्लॅट घेताना आणि मुलगी देताना हा प्रश्न आधी येतो. आम्ही जन्मभर वेस्टचे. ईस्टला राहणाऱ्या सख्ख्या बहिणीचीही हिला कीव येते.

"वेस्टला! समुद्राच्या बाजूला," मी छाती फुगवून म्हणालो.

"मग जाऊ दे तिला."

लेकीने माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं आणि त्यात एक खेडं टाकलं. होकार त्याच संध्याकाळी गेला.

तिथे पोचल्यावर पहिल्याच रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. खिडकीबाहेर समुद्र, पाण्याला टेकलेला केशरी गोळा.

"तिकडे संध्याकाळ झाली पण?" बायको.

"सकाळ आहे आई. सूर्य उगवतोय."

"समुद्रातून?"

मी चष्मा पुसायला घेतला. बायकोने बाल्कनीत वाळणाऱ्या निळ्या टॉवेलकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"म्हणजे समुद्र ईस्टला. म्हणजे माझी पोरगी ईस्टला राहते! तुला माहीत होतं गं?"

"बाबांनी टॉवेल अंथरला तेव्हाच."

"मग बोलली का नाहीस?"

"तू हो म्हणालेलीस ना!"

कॉल संपल्यावर बायकोने बहिणीला फोन लावला आणि साखरेचा अख्खा डबा ओतल्यासारख्या आवाजात विचारलं,

"काय गं, तुमच्या ईस्टला सकाळचं ऊन छान येत असेल, नाही?"