आवतन दिलेले नंदी

सिंदेवाहीकडच्या एका गावात मनसारामच्या घरी माणसं दोनच, पण लाकडी नंदी घरभर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, पोरं चाकांचे नंदी दोरीनं ओढत दारोदार फिरतात; घरोघरी नंदीला नैवेद्य आणि पोरांना खाऊ मिळतो. पोरं मोठी झाली की तेच नंदी माळ्यावर धूळ खात पडतात. मनसाराम गावोगाव हिंडून असे नंदी धान देऊन आणायचा. त्यातला गोंडपिपरीकडचा एक निळा, वाकड्या मानेचा, म्हणजे त्याचा जीव की प्राण.

पोरांना मात्र उंबऱ्याच्या आत मज्जाव. "मोडतीन," एवढंच तो म्हणायचा. त्याची बायको गोकुळा, तिला मूलबाळ नव्हतं. खिडकीला लटकलेली पोरं त्यानं हाकलली की ती दारात येऊन पाठमोऱ्या पोरांकडे बघत राहायची. तिला भरलेलं घर हवं होतं, आणि या बाबानं ते लाकडानं भरून ठेवलं होतं!

दुपारी डोळा लागला की मनसारामला एकच स्वप्न पडे. धुक्यातून, धानाच्या बांधावरून नंदी तलावावर पाणी प्यायला चालले आहेत, घुंगरं वाजताहेत, पण मागे हाकायला कुणीच नाही. जागा झाल्यावर त्याला फार एकटं वाटायचं. हे त्यानं गोकुळाला एकदाच सांगितलं होतं.

चौपन्न सालच्या पोळ्याला तो खरी बैलजोडी घेऊन आखरावर, गावाबाहेरच्या पोळा भरतो त्या मैदानावर, गेला. परतला तर घरभर तुपाचा वास. पोळ्याच्या आदल्या दिवशी खऱ्या बैलांचे शेकतात तसे गोकुळानं पळसाच्या पानानं एकूण एक नंदीचे खांदे तूपहळदीनं शेकले होते. निळ्याचा जुना रंग पार पिवळा झाला होता.

"हे काय करून राह्यली तू?" तो ओरडला.

"आवतन देऊन राह्यली," ती म्हणाली, आणि शेवटच्या नंदीपुढे हात जोडून बैलांना सणाच्या जेवणाचं आमंत्रण देताना म्हणतात तेच बोलली, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." मग नवऱ्याकडे वळली. "आता या पाव्हण्यायले कोंडून ठेवशीन काय? ओढाले पोरं लागतीन ना!"

बाई बिलंदर खरी! आवतन देऊन उपाशी ठेवायचं पाप मनसारामच्या हातून होणार नव्हतं. रागानं तो त्या दिवशी जेवला नाही, पण सकाळी त्यानं दार उघडलं. "एकेक घ्या रे," म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

संध्याकाळी घुंगरं वाजली. पोरांनी नंदींना आपल्याच मनानं तलावावर पाणी पाजलं होतं. तोच बांध, तीच घुंगरं, आणि आज प्रत्येकासोबत कुणीतरी होतं. सारवलेल्या जमिनीवर ओल्या चाकांच्या रेघा उमटल्या, शेजारी चिमुकली ओली पावलं. मनसाराम त्या पावलांकडे बघतच राहिला.

पुढे पंचायतीनं त्या घराला 'नंदीघर' अशी पाटी लावली. अहेरीपासूनची माणसं बघायला येऊ लागली आणि नवराबायको मागच्या पडवीत राहू लागली. पण ते घर गावाचं झालं ते त्याच संध्याकाळी.

पोरं परतली तेव्हा निळ्याचं शिंग मोडलं होतं. त्याला ओढणारी लहानगी कुंता रडत दारातच थांबली होती. मनसारामनं उरलेली तूपहळद बोटावर घेऊन मोडक्या शिंगाला लावली. मग तिच्याकडे, तिच्यामागच्या सगळ्या पोरांकडे पाहिलं आणि आत चुलीपाशी बसलेल्या गोकुळाला ऐकू जाईल असं म्हणाला,

"आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."